शांत घरातला पत्र्या

“घर कसं आहे तुमचं?” असं संस्थेच्या ताईंनी विचारलं आणि मी “शांत” असं सांगून मोकळा झालो. वास्तविक “हवेशीर” म्हणता आलं असतं, “दुसऱ्या मजल्यावर” म्हणता आलं असतं, आणि दोन्ही खरं ठरलं असतं. पण समोरच्यावर छाप पाडायची संधी दिसली की माझी जीभ मला न विचारता पुढे जाते. शेजारी बसलेल्या बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पर्स उगाचच उघडून बंद केली. चारचौघांत ती मला खोटं पाडत नाही. ते काम ती घरी आल्यावर सवडीने करते.

ही संस्था रस्त्यावर टाकलेली, जखमी, उपाशी कुत्री-मांजरं उचलून आणते, त्यांना बरं करते आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणा स्वयंसेवकाच्या घरी ठेवते. बायकोच्या शाळेत ताईंचं भाषण झालं होतं. “तुमच्यापैकी कोण तयार आहे?” असं त्यांनी विचारल्यावर अख्ख्या स्टाफरूममधून एकच हात वर आला. दिवसभर पहिलीच्या पोरांना “बोलायचं असेल तर हात वर करा” असं सांगणाऱ्या बाईचा तो हात होता, त्यामुळे त्यात विचार किती आणि सवय किती हे मला अजून कळलेलं नाही. मी फक्त सोबत गेलो होतो. बायकोच्या प्रत्येक उपक्रमात मी फक्त सोबत जातो आणि परत येताना ओझं माझ्या हातात असतं.

“शांत घर मिळत नाही हो हल्ली,” ताई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले. “एक बिचारा आहे माझ्याकडे. त्याला फक्त शांतता हवी आहे.”

आता आमच्या घराची खरी हकिगत सांगतो. मी बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करतो. तिथला लाउडस्पीकर सारखा बिघडतो, आणि तो बिघडला तरी एकाही प्रवाशाची गाडी चुकत नाही, यावरून माझ्या आवाजाची कल्पना यावी. बायको पहिलीचा वर्ग सांभाळते, म्हणजे हळू बोलून तिचंही भागत नाही. आणि माझे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, आयुष्यभर छापखान्यात मशीनवर होते. छापखान्याने त्यांना पेन्शन दिली आणि कान ठेवून घेतले. कानात घालायचं यंत्र आहे, पण ते घातलं की स्वतःच्या चावण्याचा आवाज येतो म्हणून ते ड्रॉवरमध्ये असतं. तेव्हा आप्पांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि आप्पा बोलतात तेही मशीन चालू आहे असं धरून.

आम्ही भांडतो असं लोक म्हणतात. आम्ही बोलतो. सकाळी मी ओला टॉवेल पलंगावर टाकतो, त्यावर बायको बोलते, तिच्या बोलण्यावर मी बोलतो, तेवढ्यात आप्पा “काय झालं?” असं विचारतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, वरच्या पट्टीत सांगावं लागतं. मग आप्पा निकाल देतात. तो कुणालाच मान्य नसतो. एवढं झालं की आम्ही तिघं समाधानाने आपापल्या उद्योगाला लागतो.

कुत्रा आला तो पिंजऱ्यातून. करडा रंग, एक कान उभा आणि एक पडलेला. पत्र्याचे डबे आणि पिंपं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो लहानाचा मोठा झाला, म्हणून संस्थेत त्याला पत्र्या म्हणायचे. कारखाना बंद पडला, मालक गेला, कारागीर गेले, फाटकाला कुलूप लागलं आणि हा आत राहिला. कुणाच्या तरी लक्षात येऊन संस्थेला कळेपर्यंत त्याचा सापळा झाला होता.

“जन्मभर हातोड्यांचा ठणठणाट ऐकलाय हो त्यानं,” ताई म्हणाल्या. “डोक्यावर परिणाम होणारच. आता त्याच्या कानावर चढा आवाज पडता कामा नये.”

पिंजरा उघडताच पत्र्या जमिनीला पोट घासत आप्पांच्या खोलीत शिरला आणि त्यांच्या पलंगाखाली, पार भिंतीला चिकटून बसला. आप्पांनी पेपर खाली केला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “कोण आलंय?”

पलंगाखालून टप टप टप असा आवाज आला.

“बघा,” ताई कुजबुजल्या, “कसा थरथरतोय.”

आम्ही वाकून पाहिलं. अंधारात दोन डोळे चमकत होते आणि मागच्या बाजूला काहीतरी भिंतीवर आपटत होतं. कापरं भरणं इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.

ताईंनी आम्हाला बाहेर नेऊन नियम सांगितला. महिनाअखेरीला त्या जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन येणार. तोवर पत्र्या पलंगाखालून बाहेर यायला हवा आणि त्याने माणसाच्या हातून खायला हवं. एका निवृत्त जोडप्याने त्याच्यासाठी तयारी दाखवली होती, बंगला होता, बाग होती.

“आणि नाही आला बाहेर तर?” बायकोने विचारलं.

“तर मागची शेड. घरात देण्यासारखे नाहीत अशांची ती शेड आहे. तिथे जेवण मिळतं, औषध मिळतं. माणूस मिळत नाही.”

त्या गेल्यावर बायकोने कपाट उघडलं. मग तिने शाळेतली पाटी काढली, तिच्यावर “आप्पा, हळू बोला, कुत्रा घाबरतो” असं लिहिलं आणि आप्पांसमोर धरली. आप्पांनी वाचलं, पलंगाकडे पाहिलं आणि “बरं” म्हणाले. त्या ‘बरं’नेसुद्धा खालून टप टप झालं. बायकोने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला हळू म्हणजे किती हळू हे कसं कळावं, हा विचार त्या गडबडीत आमच्या दोघांच्याही मनात आला नाही. आप्पांनी त्यावर आपला सरळ उपाय काढला. ते बोलायचेच थांबले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शांत झालो. दारावरची बेल काढली. खुर्च्यांच्या पायांना माझे मोजे घातले. ताटांखाली फडकी आली. मिक्सर बाल्कनीत नेऊन, गोधडीत गुंडाळून, बायको त्याला पोटाशी धरून चालवायची, आणि समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत येऊन ही काय करतेय ते पाहायचे. मला शिंक आली की मी जिन्यात धावायचो. एकदा डब्याचं झाकण हातातून सुटलं आणि घरंगळत थेट आप्पांच्या खोलीपर्यंत गेलं, तेव्हा पलंगाखाली इतकी टपटप झाली की बायकोला रडू फुटलं. आम्ही स्टीलचं सगळं वर ठेवून दिलं आणि प्लॅस्टिकवर आलो.

भांडण्याचीही पंचाईत झाली. कुजबुजत भांडता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. “तुम्ही नेहमीच” एवढं म्हणेपर्यंत दम जातो आणि पुढचं सगळं हवेत विरतं. शिवाय आप्पा “काय झालं?” विचारत नसल्यामुळे सगळं एकदाच बोलायचं आणि संपवायचं. त्यात काही राम नाही. माझ्या अंगात नुसती खदखद साठून राहिली. मला एका जागी बसवेना. मी मोजे घालून या खोलीतून त्या खोलीत फिरायचो, आणि बायको मला खाणाखुणा करून विचारायची की तुमच्या पोटात दुखतंय का.

सवय फार वाईट. स्टँडवर मी मायक्रोफोनसमोर बसलो आणि गाडी फलाटाला लागल्याचं त्या मायक्रोफोनच्या कानात सांगितलं. अख्खी गाडी रिकामी निघून गेली. प्रवासी बाकांवर बसून होते, त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमचे कंट्रोलर धावत आले. “घसा बसलाय का?” त्यांनी विचारलं. मी हळूच “नाही” म्हणालो. त्यांनी मला घरची काही अडचण आहे का असं विचारलं, आणि मी तेवढ्याच हळू आवाजात “कुत्रा आहे” म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. इतक्या वर्षांच्या सेवेत मला खिडकीवर कधीही बसवलेलं नव्हतं. बायकोचं मात्र शाळेत कौतुक झालं. तिच्या वर्गातली मुलं एकाएकी गुणी झाली. बाई ओरडत नाहीत म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार, असं त्यांना वाटत होतं.

मग खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्या हळूहळू जिना चढल्या, दार लोटलं आणि कुणी वारलेल्या घरी भेटायला जावं तसा चेहरा करून विचारलं, “काय झालं?”

“कुठे काय?” मी कुजबुजलो.

माझं कुजबुजणं ऐकून त्यांचा उरलासुरला धीर सुटला. त्या आम्हा दोघांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. “हे बघा, भांडा. हवं तेवढं भांडा. पण अबोला धरू नका. माझ्या मावसबहिणीकडे असंच झालं. आधी आवाज बंद झाले, मग भांडी वाटून घेतली.”

“काकू, आमच्यात अबोला नाही. आणि आम्ही भांडत नसतो, बोलत असतो,” मी शक्य तितक्या स्वाभिमानाने, शक्य तितक्या हळू म्हणालो.

“मला काय सांगतोस? इतकी वर्षं तुझ्या टॉवेलवर मी चहा ठेवतेय. टॉवेल निघाला की आधण, आप्पांचा निकाल लागला की चहा गाळायचा. हल्ली माझा चहासुद्धा धड होत नाही.”

म्हणजे आमची घरगुती बोलणी खालच्या मजल्यावर ऐकू जात होती, एवढंच नाही, तर त्यावर कुणाचा तरी चहा होत होता. माणसाला काही खाजगी आयुष्य असावं की नाही? मी कुत्र्याचं सगळं समजावून सांगितलं. काकूंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, “असू दे. काहीतरी कारण सांगावंच लागतं.” त्यानंतर इमारतीत माझ्याशी लोक फार प्रेमाने वागायला लागले. जिन्यात मला आधी जाऊ द्यायचे. वरच्या मजल्यावरच्या एकाने एका वकिलाचं नाव सांगितलं, स्वभावाने चांगला आहे म्हणाला.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न वेगळा होता. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर एकटेच राहतात, आणि नियमांचं पुस्तक हेच त्यांचं कुटुंब आहे. सोसायटीत प्राणी पाळायला परवानगी आहे. त्यांनी जिन्यात मला गाठलं आणि सभेतल्या आवाजात बोलायला सुरुवात केली. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवायचाच बाकी होता.

“हा कुत्रा तुमचा आहे का?” त्यांनी मग कुजबुजत विचारलं.

“नाही. संस्थेचा.”

“मग तो पाळीव नाही. पाहुणा म्हणायचा का?”

“तसं म्हणा.”

“पाहुण्याचा कायमचा पत्ता लागतो.”

“कारखाना होता. बंद पडला.”

“म्हणजे तुम्ही पोटभाडेकरू ठेवलाय,” सेक्रेटरी माझ्या कानाशी लागून म्हणाले. “त्याला जनरल बॉडीची मंजुरी लागते.”

आम्ही असे डोक्याला डोकं लावून उभे असताना जिन्यातून तीन-चार सभासद गेले. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं की सेक्रेटरी आणि मी मिळून पार्किंगच्या जागा आपसांत वाटून घेतोय. बिचाऱ्यांना स्वतःच्या चारित्र्यासाठी खास सभा बोलवावी लागली. पत्र्याचा विषय मागे पडला, पण सेक्रेटरी माझ्यावर कायमचे रुसले.

एवढं सगळं करून पत्र्या काही बाहेर येईना. वाटीतलं अन्न आम्ही झोपल्यावर संपायचं. मी पलंगासमोर पालथा पडून हातात तुकडा धरायचो, हात भरून यायचा, आणि तो त्या तुकड्याकडे आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहायचा, की जणू विचारतोय, आता तुम्हीही कुलूप लावून निघालात का. तेव्हा मला ती नजर वाचता आली नाही. मला वाटलं अजून थोडी शांतता कमी पडतेय.

याच सुमारास ताई अचानक पाहणीला आल्या. आत येऊन उभ्या राहिल्या, कान देऊन ऐकलं आणि खुर्चीत डोळे मिटून बसूनच राहिल्या. “असं घर मी आजवर पाहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी एक मांजर घेऊन परत आल्या. ती गाडीच्या इंजिनात सापडली होती आणि इतकं शांत घर शहरात दुसरं नव्हतं. मांजर कपाटाच्या वर जाऊन बसली आणि मी खालून गेलो की आमच्या डेपोच्या अधिकारी बाई रजेच्या अर्जाकडे पाहतात तशी माझ्याकडे पाहायला लागली. तिचं नाव आपोआपच मॅडम पडलं. मग मांजराची तीन पिल्लं आली, डोळे नुकतेच उघडलेली. ती बाथरूममध्ये ठेवली, कारण तिथे वारा नव्हता. मी स्टँडवर ड्रायव्हर लोकांबरोबर आंघोळ करायला लागलो. शांत म्हणून नाव झालेल्या घरात शांततेला आसुसलेले सगळे जमले, आणि त्या घरात एकाही माणसाला क्षणभर चैन नव्हतं.

आप्पांकडे माझं लक्ष नव्हतं असं नाही. दिसत होतं. पाटीवर आम्ही लिहायचो, “जेवायला चला,” “औषध,” “चहा.” ते वाचायचे, उठायचे, यायचे. पेपर हातात असायचा, पण पान तेच असायचं. पूर्वी जेवताना ते छापखान्यातल्या गोष्टी सांगायचे, आम्हाला पाठ झालेल्या, आणि आम्ही ओरडून मधले शब्द पुरवायचो. आता प्लॅस्टिकच्या ताटांवर तिघं मान खाली घालून जेवत होतो. एकदा दुपारी मी डोकावलो तर ते पलंगावर आडवे होते आणि एक हात खाली लोंबत होता. पलंगाखालून पत्र्या त्या हाताकडे पाहत होता. दोघंही हलत नव्हते. मी दार हळूच लोटून घेतलं, कारण आवाज झाला असता.

महिनाअखेर आली. ताई आणि डॉक्टर सकाळीच येणार होते. बायकोने रजा घेतली होती, मी पाळी बदलून घेतली होती, आणि आम्ही दोघं तुकडे हातात घेऊन शेवटचा प्रयत्न करायला आप्पांच्या खोलीत गेलो. आप्पा बाहेरचे कपडे घालून पलंगावर बसले होते. शेजारी त्यांची बॅग होती, पट्टा लावलेली.

बायकोने पाटीवर लिहिलं, “कुठे?”

आप्पांनी पाटी तिच्या हातातून घेतली आणि खाली, वळणदार अक्षरात लिहिलं, “मुलीकडे जातो. तिथे माझ्याशी बोलतात.”

मी हातवारे केले. कुत्र्याकडे बोट दाखवलं, कान धरले, हात जोडले. आप्पांनी डोळे मिटून घेतले. ज्याला ऐकू येत नाही त्याने डोळे मिटले की जगाचं दार बंद होतं, मग बाहेर तुम्ही कितीही खुणा करा. मी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला आणि बॅग उचलली.

मग माझ्या पोटातून तो आवाज निघाला. महिनाभर कोंडलेला, कितीतरी न केलेल्या घोषणांचा. “आप्पा, कुठेही जायचं नाही,” मी म्हणालो, आणि खिडकीची तावदानं वाजली.

आप्पांनी डोळे उघडले.

“तुमच्याशी कोण बोलत नाही? आम्ही कुणाशीच बोलत नाही. या कुत्र्यापायी आम्ही एकमेकांशी बोलत नाही.”

“कुत्र्याला का मध्ये आणता?” बायकोने तोंड उघडलं, आणि तिच्या आवाजाला पहिलीचा अख्खा वर्ग उभा राहिला असता. “शांत घर आहे म्हणून कुणी सांगितलं? मी सांगितलं?”

“हात कुणी वर केला? मी केला?”

“हात मी केला, आणि झाडायला, पुसायला, दूध पाजायलाही मीच आहे. तुम्हाला साधा टॉवेल वाळत घालता येत नाही. स्टँडवरून भिजवून आणलेला आत्तासुद्धा पलंगावर पडलाय, जाऊन बघा.”

“काय झालं?” आप्पांनी विचारलं. छापखान्याच्या आवाजात. महिन्याभरात पहिल्यांदा.

“टॉवेल,” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

“अजून?” आप्पा म्हणाले. “लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून टॉवेलच?” त्यांनी बॅग खाली ठेवली आणि निकाल द्यायला नीट मांडी घालून बसले.

टप टप टप. आता तो आवाज भिंतीवर येत नव्हता, पलंगाच्या पायावर येत होता. मग कपाटावर. पत्र्या पोटावर सरपटत बाहेर आला होता आणि त्याची शेपूट दिसेल त्यावर आपटत होती. बायको माझ्यावर ओरडायची थांबली. ती थांबताच तोही थांबला आणि मागे सरकायला लागला.

“अगं, थांबू नकोस,” मी ओरडलो. “बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“माझ्या आईबद्दल बोल.”

त्या विषयावर तिच्याकडे भरपूर होतं. आई हयात असती तर तिनेही उत्तरं दिली असती. पत्र्या पुढे आला, आमच्या दोघांच्या मधून गेला, आप्पांच्या पायाशी जाऊन त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकवली आणि या सगळ्या आरडाओरड्यात डोळे मिटून गाढ झोपला. मॅडम मात्र कपाटावरून उडी मारून उघड्या दारातून निघून गेली.

त्याच दारात ताई आणि डॉक्टर उभे होते. किती वेळ, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

“तुम्ही म्हणाला होतात, घर शांत आहे,” ताई म्हणाल्या.

“कधीच नव्हतं,” बायको म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा तिने मला चारचौघांत खोटं पाडलं.

मी मान खाली घातली. ताईंनी डॉक्टरांना सांगितलं की पत्र्या आमच्या आवाजाला किती घाबरायचा, कसा थरथरायचा. डॉक्टर उकिडवे बसले, त्यांनी आप्पांना मोठ्याने नाव विचारलं, आप्पांनी मोठ्याने सांगितलं, आणि झोपेतल्या झोपेत पत्र्याची शेपूट फरशीवर वाजली.

“हे थरथरणं?” डॉक्टर म्हणाले. “अहो, शेपूट हलवतोय तो. त्याच्या लेखी गोंगाट म्हणजे माणसं आहेत. गोंगाट बंद झाला, आणि त्याची माणसं गेली, कुलूप लागलं. तुम्ही महिनाभर त्याला तेच दाखवलंत.”

आप्पांना यातलं काहीही ऐकू गेलं नव्हतं. ते वाकून पत्र्याचा पडलेला कान कुरवाळत होते, आणि जागा होऊन तो त्यांच्या हातून प्लॅस्टिकच्या ताटातली उरलेली पोळी खात होता. मला इतकी लाज वाटली की मी तिथून निघून बाल्कनीत गेलो आणि गोधडीतला मिक्सर सोडवत बसलो.

मॅडम सेक्रेटरींच्या घरी सापडली. त्यांच्या घरात खरोखरच आवाज नसतो. ती त्यांच्या नियमांच्या पुस्तकावर बसली होती आणि सेक्रेटरींना पुस्तक हवं असूनही ते तिला उठवत नव्हते. “ही पाहुणी आहे,” त्यांनी दारातूनच मला सांगितलं. “पाहुण्यांना मंजुरी लागत नाही, मी बघून घेतलंय.” पिल्लांना एकेक करून घरं मिळाली. एक काकूंनी नेलं.

पत्र्याच्या बंगला-बागवाल्या जोडप्याला ताईंनी स्वतःच नकार कळवला. तो आमच्याकडे राहिला तोवर घरात मिक्सर, बेल, स्टीलची ताटं आणि आम्ही, सगळे पूर्वीसारखे वाजत होतो. मला मायक्रोफोन परत मिळाला. आप्पांच्या छापखान्याच्या गोष्टी पत्र्याला एवढ्या आवडायच्या की त्या तो दोन्ही कान उभे करून ऐकायचा, निदान तसा प्रयत्न करायचा. म्हणून ताई जेव्हा एका फर्निचरवाल्याचा पत्ता घेऊन आल्या, खाली करवतीचं मशीन, वर घर, घरात चार मुलं, तेव्हा बायको म्हणाली, “नको. हा इथेच राहू दे. आप्पांना सोबत होते.”

आप्पांना ते ओरडून सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पत्र्याच्या पाठीवर हात फिरवला.

“तुम्ही दोघं कामावर जाता,” ते म्हणाले. “दिवसभर इथे मी एकटा किती ओरडणार? त्याला करवत पाहिजे.”

पट्टा त्यांनीच धरला. फर्निचरवाल्याच्या दारात करवत सुरू होती, मुलं एकमेकांच्या उरावर बसली होती आणि कुणीतरी खिळे ठोकत होतं. पत्र्याने एकदा आप्पांकडे पाहिलं आणि त्या गदारोळात असा शिरला की जणू सुट्टीनंतर कामावर रुजू व्हायला आलाय. शेपूट उंबऱ्यावर एकदा वाजली तेवढीच. आप्पांनी मोकळा पट्टा नीट गुंडाळून खिशात ठेवला.

घरी आलो. मी टॉवेल पलंगावर टाकला नव्हता. बायकोने ताटं फडक्यांवर ठेवली होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. तिघं आप्पांच्या खोलीत समोरासमोर बसलो. आप्पा पलंगाखाली वाकून पाहत होते. मग सरळ झाले आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहू लागले.

मी उठलो, बाथरूममध्ये गेलो, कोरडा टॉवेल नळाखाली धरला आणि आणून पलंगावर टाकला.

बायकोचे डोळे भरले होते. “अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “ओला टॉवेल पलंगावर का टाकता?”

आप्पांनी कानामागे हात धरला आणि पुढे वाकले.

“काय म्हणालीस?” ते म्हणाले. “मोठ्यानं बोल.”

ती मोठ्यानं बोलली. खाली काकूंनी आधण ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.